पिशवीत काय आहे?

रात्रीचे साडेदहा. हार्बरच्या लोकलमधून तुम्ही गोवंडीला उतरता आणि चालतच देवनारच्या दिशेने निघता. उद्या प्रॅक्टिकल आहे, जर्नलवर अजून सही झालेली नाही, डोक्यात तेच. बिल्डिंगच्या खाली शाळेतला जुना दोस्त उभा असतो. घाईत. हातात कापडी पिशवी, वर टॉवेल कोंबलेला. "भावा, एवढी सकाळपर्यंत ठेव ना. घरी नेली तर पप्पा कटकट करतील." तुम्ही पिशवी घेता. टॉवेलच्या मानाने जरा जडच लागते.

हा प्रसंग काल्पनिक आहे. पुढे जे लिहिलंय ते मात्र कायद्यातलं आणि कोर्टाच्या निकालांमधलं आहे, आणि त्यातलं बरंचसं फिरून या पिशवीशीच येतं. हाफ मर्डर, कट्टा, चॉपर हे शब्द आपण रील्समध्ये, वेबसीरिजमध्ये आणि नाक्यावरच्या गप्पांमध्ये इतके ऐकतो, की त्यांचा अर्थ आपल्याला ठाऊकच आहे असं वाटायला लागतं. मग वेळ येते तेव्हा तोंडातून ठरलेली वाक्यं निघतात. "नुसता घाबरवायला आणला होता." "मी मारलंच नाही, मी फक्त उभा होतो." "माझा नव्हताच तो, मित्राचा होता." घरच्यांना ही वाक्यं पटतातही. कोर्टात त्यांचं काय होतं, ते बघू.

देवनारमध्ये ऊस पिकतो का?

आधी हत्यार म्हणजे काय? देवनारकरांना हे समजावणं सोपं आहे. इथल्या पालिकेच्या कत्तलखान्यात फूटभर पात्याचे सुरे आणि जड सत्तूर रोज चालतात, त्यात बेकायदा काहीच नाही. १९५९ चा शस्त्र कायदा, ज्याला पोलीस आणि पेपरवाले आर्म्स ॲक्ट म्हणतात, आणि त्याखालचे २०१६ चे नियम तलवार, खंजीर, भाला यांच्या पंगतीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा सुरा बसवतात. पण घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेलं अवजार त्यातून वगळतात. म्हणून खाटकाचा सुरा हे अवजार, आणि उसाच्या फडातला कोयताही अवजारच.

आता तोच कोयता मध्यरात्री बाइकच्या सीटखाली सापडला, तर "साहेब, शेतीचं अवजार आहे" असं म्हणता येतं. म्हणतातही. देवनारमध्ये ऊस कुठे पिकतो, हा पुढचा प्रश्न विचारायला मोठा वकील लागत नाही. शिवाय शस्त्र कायद्याच्या व्याख्येतून सुटलात तरी महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७(१) उरतंच. पोलीस आयुक्त त्याखाली मनाई आदेश काढतात, आणि तो लागू असताना तलवार, सुरा, लाठी असं काहीही घेऊन फिरणं हाच गुन्हा होतो. कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद. कुणाला ओरखडाही उठायला नको. वाढदिवसाचा केक तलवारीने कापून त्याची रील टाकणाऱ्यांना पोलीस घरी येऊन नेतात ते याच कलमांवर. पुरावा त्यांनी स्वतःच अपलोड केलेला असतो, बॅकग्राउंड म्युझिकसकट.

म्हणजे एक कायदा वस्तूकडे बघतो. दुसरा बघतो तिचं काय केलं याच्याकडे, आणि तिथे तर पात्याची लांबी कुणी मोजतच नाही.

हा दुसरा म्हणजे भारतीय न्याय संहिता. १ जुलै २०२४ पासून तिने आयपीसीची जागा घेतली. (त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना अजूनही आयपीसीच लागते, त्यामुळे ३०७ आणि ३२६ हे आकडे अजून काही वर्षं कानावर पडणार.) तिचं कलम ११८ 'धोकादायक हत्यारं किंवा साधनं' यांच्याबद्दल आहे. त्यातली यादी वाचण्यासारखी आहे. गोळी झाडायचं, भोसकायचं किंवा कापायचं साधन. मारायला वापरलं तर जीव जाऊ शकेल अशी कुठलीही वस्तू. आग किंवा तापवलेला पदार्थ. विष, जाळणारं रसायन, स्फोटक. श्वासातून, पोटातून किंवा रक्तातून गेल्यास अपाय करणारा पदार्थ. आणि शेवटी, प्राणी. अंगावर कुत्रा सोडणंसुद्धा याच कलमात बसतं. फुटलेली बाटली, हॉकी स्टिक, रस्त्यावरून उचललेला पेव्हर ब्लॉक यांना लायसन्स लागत नाही. पण ते कुणाच्या डोक्यावर बसले की कोर्ट विचारणार, याने माणूस मरू शकला असता का?

शिक्षेतला फरक बघा. नुसत्या हाताने मारून साधी दुखापत केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. तीच साधी दुखापत वरच्या यादीतल्या वस्तूने केली तर तीन वर्षांपर्यंत. दुखापत 'गंभीर' असेल आणि हाताने झालेली असेल तर सात वर्षांपर्यंत. आणि गंभीर दुखापत हत्याराने झाली तर कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त जन्मठेप. भांडण तेच, कारणही तेच, बहुतेकदा फालतू. हातात काय होतं एवढ्यावरून एक वर्षाचा मामला जन्मठेपेपर्यंत जाऊ शकतो.

'गंभीर' या शब्दानेही फसायला होतं. आपल्याला वाटतं आयसीयू, व्हेंटिलेटर. कायद्यात हाड मोडलं किंवा दात पडला तरी गंभीर. चेहऱ्यावर कायमचा व्रण राहिला तरी गंभीर. जखमी माणूस १५ दिवस तीव्र वेदनेत राहिला, किंवा तेवढे दिवस रोजची कामं करू शकला नाही, तरी गंभीर. आयपीसीत ही मुदत २० दिवसांची होती, नव्या संहितेने ती कमी केली. त्यामुळे शताब्दी किंवा राजावाडीतल्या डॉक्टरने मेडिकल पेपरवर काय लिहिलंय, यावर पुष्कळ काही ठरतं.

"मेला नाही ना?"

आता हाफ मर्डर. कायद्यात असा शब्द नाही. तिथे खुनाचा प्रयत्न आहे, जुनं कलम ३०७, नवं १०९. यासाठी माणूस अर्धा मरावा लागतो अशी समजूत आहे. तसं काही नाही. संहितेतच उदाहरण दिलंय. एकाने दुसऱ्याला मारायच्या इराद्याने बंदूक विकत घेतली, भरली. इथवर खुनाचा प्रयत्न झालेला नाही. त्याने गोळी झाडली, झाला. गोळी लागली की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा. लागलीच नाही तरी दहा वर्षांपर्यंत कैद, आणि दुखापत झाली तर जन्मठेपेपर्यंत.

यावरचा लॉ कॉलेजात शिकवला जाणारा एक जुना खटला आपल्याच महाराष्ट्रातला आहे, आणि त्यातला आरोपी तुमच्याच वयाचा कॉलेज विद्यार्थी होता. २२ जुलै १९३१. मुंबई प्रांताचे हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसन पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला भेट द्यायला आले होते. तिथल्याच वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने त्यांच्यावर अगदी जवळून दोन गोळ्या झाडल्या. सोलापूरच्या मार्शल लॉमधल्या दडपशाहीचा राग त्यामागे होता. हॉटसन वाचले, कारण गोळी खिशातल्या वस्तूवर अडली. खटला हायकोर्टात गेला तेव्हा प्रश्न असा उभा राहिला, की ज्या गोळीने माणूस मेला नाही आणि तशा परिस्थितीत मरणारही नव्हता, ती झाडणं हा खुनाचा प्रयत्न कसा? कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की झाडणाऱ्याने त्याच्या बाजूने करायचं ते सगळं केलं होतं. मधे पाकीट आलं, हे काही त्याच्यामुळे झालं नाही. आठ वर्षांची सक्तमजुरी झाली.

हॉटसन गोगटे म्हणून ते पुढे ओळखले गेले. इतिहासाच्या पुस्तकात त्यांची जागा वेगळी आणि फौजदारी कायद्याच्या पुस्तकात वेगळी. दोन्ही आपापल्या जागी राहू देत. पण कायद्यातला मुद्दा आजही तोच आहे. कट्टा जॅम झाला, नेम चुकला, समोरच्याने हात मधे घातला, ही समोरच्याची नशिबं. तुमचा बचाव त्यातून तयार होत नाही.

मग "नुसता घाबरवायला आणला होता" याचं काय? इरादा कुणाच्या कपाळावर लिहिलेला नसतो, म्हणून कोर्ट तो इतर गोष्टींवरून काढतं. हत्यार कोणतं, वार शरीराच्या कोणत्या भागावर, किती वेळा, किती जोरात, आणि ते हत्यार तिथेच हाती लागलं की घरून आणलं होतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महागात पडतो.

ते परत आले

तो का महागात पडतो, ते मुंबईच्या उपनगरातल्याच एका केसमध्ये दिसतं. २० ऑक्टोबर २०११ ची रात्र, अंधेरीचं आंबोली. मित्रमैत्रिणींचा एक ग्रुप जेवून बाहेर पडला होता. पानाच्या दुकानापाशी काही जणांनी त्यांच्यातल्या मुलींची छेड काढली. कीनन आणि रूबेन यांनी अडवलं, बाचाबाची झाली, छेड काढणारे निघून गेले. थोड्या वेळाने ते परत आले. साथीदार घेऊन आणि हत्यारं घेऊन. कीनन त्याच रात्री गेला. रूबेनने हॉस्पिटलमध्ये काही दिवस झुंज दिली आणि तोही गेला. एक २४ वर्षांचा, दुसरा २९. मे २०१६ मध्ये चौघांना खुनासाठी जन्मठेप झाली.

या केसबद्दल तेव्हा खूप लिहिलं गेलं, बघ्यांबद्दल विशेष. मला त्यातली दुसरी गोष्ट तुमच्यासमोर ठेवायची आहे. निघून जाणं आणि परत येणं यांच्यामधली ती काही मिनिटं. रागाच्या भरात, तिथल्या तिथे, भान हरपून हातून काही घडलं तर कायदा काही वेळा सवलत देतो. पण जो निघून गेला, ज्याने माणसं जमवली, हत्यार घेतलं आणि मग आला, त्याला अचानक भडकल्याचं सांगता येत नाही. शांत व्हायला वेळ होता आणि तो वेळ त्याने तयारीत घालवला. तुमच्या ग्रुपवर "ये लवकर, सामान घेऊन ये" असा मेसेज पडतो ना, तो नेमका या मिनिटांमधला असतो. त्याच्यावर वेळही छापलेली असते.

आणि चौघांपैकी प्रत्येकाने सुरा चालवलाच असेल, अशी कायद्याची अटही नसते. न्याय संहितेचं कलम ३(५), जुनं ३४, सांगतं की सगळ्यांचा इरादा एक असेल तर एकाने केलेलं कृत्य प्रत्येकाने केल्यासारखंच. पाच किंवा जास्त जण असतील तर बेकायदा जमावाचं कलम १९० लागतं, आणि जमावाच्या उद्देशासाठी एकाने केलेला गुन्हा सगळ्यांच्या नावावर लागतो. ज्याने फोन करून बोलावलं, ज्याने बाइक चालू ठेवली, ज्याने समोरच्याचे हात धरले, तोही त्यात आला. नुसतं तिथे हजर असणं म्हणजे गुन्हा नाही, हे खरं, आणि निव्वळ बघे म्हणून उभे असलेले सुटतातही. पण आपण बघे होतो की सोबती, हे ठरेपर्यंत मधली वर्षं तारखांमध्ये जातात. तोवर पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन आलं, किंवा सरकारी नोकरीचा फॉर्म आला, तर प्रलंबित गुन्ह्याचा रकाना भरावाच लागतो.

अकरावी-बारावीतल्या वाचकांसाठी एक गोष्ट. "अठरा पूर्ण नाहीत, काही होत नाही" हे निम्मंच खरं आहे. १६ ते १८ मधल्या मुलावर किमान सात वर्षं शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर बालन्याय मंडळ प्राथमिक तपासणी करून त्याला मोठ्या माणसासारखा खटला चालवण्यासाठी पाठवू शकतं. खून त्यात येतोच. म्हणून "तू लहान आहेस, तू धर" असं कुणी म्हणालं, तर तो तुमची काळजी घेत नसतो.

संजूबाबाचा मित्र

आता पुन्हा पिशवीकडे.

संजय दत्तची केस सगळ्यांना माहीत आहे, निदान सिनेमापुरती. त्याने कुणावर गोळी झाडली असा आरोपच नव्हता. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात टाडाच्या आरोपांतून तो सुटला. शिक्षा झाली ती फक्त बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल. टाडा कोर्टाने २००७ मध्ये सहा वर्षं दिली, सुप्रीम कोर्टाने २१ मार्च २०१३ रोजी ती पाचवर आणली आणि २५ फेब्रुवारी २०१६ ला तो येरवड्यातून बाहेर आला. इथवर सगळ्यांना पाठ.

त्याचा तो मित्र मात्र कुणाला आठवत नाही. शूटिंगसाठी मॉरिशसला असताना संजय दत्तने मुंबईत एका मित्राला फोन केला आणि घरातली रायफल नष्ट करायला सांगितलं. मित्राने दोस्ती निभावली. त्यालाही शस्त्र कायद्याखाली तुरुंगवास झाला. त्याच्यावर सिनेमा निघाला नाही.

बेकायदा शस्त्र 'ताब्यात असणं' हाच स्वतंत्र गुन्हा आहे. वापरायची गरज नाही, मालकीची गरज नाही, हातात असण्याचीही गरज नाही. तुमच्या कपाटात आहे, किल्ली तुमच्याकडे आहे, एवढं पुरतं. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा वाढवल्या. लायसन्सशिवाय साधं पिस्तूल, गावठी कट्टा किंवा नुसती काडतुसं बाळगली तरी किमान दोन वर्षं, कमाल पाच. एके-फॉर्टीसेव्हनसारखी प्रतिबंधित शस्त्रं असतील तर सात ते चौदा. बनवणं आणि विकणं यासाठी सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. (जाता जाता. हळदीला किंवा वरातीत हवेत गोळ्या झाडणाऱ्यांसाठीही याच दुरुस्तीने वेगळं कलम आणलं. बंदूक लायसन्सची असली तरी दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.)

एक दरवाजा मात्र कायद्याने उघडा ठेवलाय. ताबा 'जाणिवेचा' असावा लागतो. सुप्रीम कोर्टाने हे १९७२ मध्ये गुनवंतलाल खटल्यात सांगितलं आणि १९९४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने टाडाच्या संदर्भात पुन्हा स्पष्ट केलं. ते प्रकरणही संजय दत्तचंच होतं. पिशवीत काय आहे हे तुम्हाला खरोखर माहीत नव्हतं, तर तो तुमचा गुन्हा नाही. एअरपोर्टवर जुन्या बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एखादं काडतूस सापडलेले प्रवासी याच मुद्द्यावर सुटतात. पण माहीत नव्हतं हे पटायला हवं. पिशवी जड होती. देणारा घाईत होता. नंतर तुमच्यात मेसेज झाले असतील, "उघडू नकोस हां" वगैरे. त्या मेसेजला तुम्ही डोळा मारणारा इमोजी टाकला असेल तर कोर्टाला काय वाटेल, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

सकाळी

समजा, रात्री तुम्ही टॉवेल काढून बघितलंच. खाली कट्टा. त्या क्षणापासून 'माहीत नव्हतं' संपलं. मित्राचा फोन बंद.

पहिली इच्छा होते ती लांब नेऊन टाकायची. नाला आहे, खाडी आहे, डम्पिंग आहे, देवनारमध्ये टाकायला जागांची कमी नाही. तेवढं करू नका. त्या कट्ट्याने आधीच काही घडलेलं असेल, आणि गुन्हेगाराला वाचवण्यासाठी तुम्ही तो गायब केला असं दिसलं, तर पुरावा नष्ट करण्याचं कलम २३८ तुमच्यावर येतं. मॉरिशसच्या फोनवर त्या मित्राचं झालं ते असंच काहीसं. हात लावू नका, फोटो काढून ग्रुपवर तर अजिबात टाकू नका, चॅट डिलीट करू नका. घरातल्या मोठ्या माणसाला उठवा. शिव्या पडतील, पडू द्या. वकील गाठा आणि त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा. हद्द देवनारची, गोवंडीची, शिवाजीनगरची की ट्रॉम्बेची, या घोळात वेळ घालवू नका. गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्याला घ्यावी लागते, झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. सांगताना ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने सांगा, आणि देणाऱ्याचं नाव लपवू नका.

वकिलाला पैसे नसतील तर १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा हेल्पलाइन नंबर आहे. मुली आणि महिला, अठराखालची मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेला कुणीही, यांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कोठडीतल्या आणि तुरुंगातल्या माणसांसाठी टिसचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून काम करतोय, तोही इथल्याच पुरव मार्गावरच्या संस्थेतून सुरू झालेला. आणि अटक झालीच, तर कशासाठी ते सांगणं पोलिसांना बंधनकारक आहे, घरच्यांना कळवणंही, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करणंही.

हे सगळं पिशवी घेतल्यानंतरचं झालं. बिल्डिंगच्या खाली, रात्री साडेदहाला, ती अजून त्याच्याच हातात आहे. तिथे विचारायचा प्रश्न या लेखाच्या शीर्षकात आहे. दोस्त चिडेल. "एवढा पण भरोसा नाय का?" म्हणेल. म्हणू दे. जर्नलवरची सही अजून बाकी आहे.